डीएनए जात सांगतो, गाव नाही

एप्रिल उजाडला की कर्नाटकचा हापूस देवगडच्या पेटीतून विकल्याच्या बातम्या सुरू होतात आणि पाठोपाठ कुणीतरी विचारतंच, "सरळ डीएनए तपासणी का करत नाहीत?" करता येते की. पण दोन्ही फळांचा निकाल एकच येईल: हापूस.

याला कारण कलम. हापूसची कोय रुजवली तर हुबेहूब हापूस मिळत नाही, कारण कोयीतल्या गर्भात परागकणातून आलेला बापही असतो. म्हणून गावठी रोपावर हापूसची काडी बांधतात. देवगडचं झाड, धारवाडचं झाड आणि नोव्हेंबरात वाशीला उतरणाऱ्या मलावी हापूसचं झाड (तिथली कलमंही मूळची कोकणातलीच) या एकाच झाडाच्या दूरदूर वाढलेल्या फांद्या आहेत.

जात ओळखायला मात्र डीएनए उत्तम. त्याच्या रासायनिक अक्षरांच्या माळेत ठिकठिकाणी दोन-तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात, जीएजीएजीए अशी. किती वेळा, ते जातीगणिक बदलतं. प्रत्येक ठिकाणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. समजा, एका ठिकाणी हापूसचे आकडे १२ आणि १७, नीलमचे १४ आणि १५. मग दापोलीच्या कृषी विद्यापीठाने या दोघांच्या संकरातून काढलेल्या 'रत्ना'त एक आकडा हापूसचा आणि एक नीलमचा सापडणारच. एखाद्या ठिकाणी दोन जातींचे आकडे योगायोगाने जुळतात, म्हणून दहा-बारा ठिकाणं तपासायची.

खरी डोकेदुखी डीएनए बाहेर काढताना होते. पिकलेल्या गरात पाणी आणि पेक्टिन फार, त्या मानाने डीएनए थोडा. नळीत नुसता चिकट गोळा होतो आणि पुढे पीसीआरचं (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीचं) एन्झाइम अडून बसतं. त्यापेक्षा साल बरी. साधारण १०० मिलिग्रॅम साल द्रवरूप नायट्रोजनमध्ये कुटून ६५ अंश सेल्सिअसच्या, पेशी फोडणाऱ्या साबणासारख्या 'सीटॅब'च्या द्रावणात अर्धा-एक तास ठेवतात. द्रावणात मीठ भरपूर हवं, नाहीतर चिकट शर्करा डीएनएबरोबरच खाली बसतात. टॅनिन धरून ठेवणारं पीव्हीपी घातलं नाही तर टॅनिनमुळे डीएनए तपकिरी पडतो. मग क्लोरोफॉर्म घालून फिरवायचं, वरचा थर अलगद काढायचा आणि थंड आयसोप्रोपॅनॉल घालायचं. साल आणि गर आईच्या झाडाचेच भाग. चुकून कोय वाटली गेली तर शेजारच्या तोतापुरीचे आकडेही दिसतील आणि अस्सल फळ भेसळीचं ठरेल. डब्यातल्या पल्पात उष्णतेने आणि आम्लाने डीएनएचे तुकडे झालेले असतात. तिथे शे-दीडशे अक्षरांचे छोट्या तुकड्यांच्याच प्रती पीसीआरने काढायच्या. पपई मिसळली असेल तर तीही त्यात सापडते.

(पाण्यात बुडतो तो अस्सल हापूस, हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान. बुडतो तो तयार आंबा. तयार तोतापुरीही बुडतो.)

२०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन (त्या भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क) मिळालं. ते जपायचं तर गाव विचारावं लागेल मातीला. खडकातलं रुबिडियम-८७ अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलतं. धारवाडकडचे खडक अब्जावधी वर्षांचे, कोकणातल्या जांभ्याखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्यामुळे स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर दोन्हीकडे वेगळं, आणि झाड ते जवळपास तसंच फळात उतरवतं. पण खाऱ्या वाऱ्याबरोबर समुद्राचं स्ट्रॉन्शियम येतं, खतातून आणखी वेगळं. त्यामुळे आधी खात्रीच्या बागांमधले आकडे गोळा करावे लागतात. त्यातून सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला पुन्हा धारवाडसारखेच जुने खडक लागतात, म्हणजे तिथे हा फरकही पुसट होतो.