महाविद्यालयाच्या आठवणींचा ऑनलाइन संग्रह: संघाची नोंदणी, संमतीपत्र आणि कागदपत्रे

गॅदरिंग, वसतिगृह, एनएसएसचे कॅम्प यांचे फोटो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर येतात आणि महिन्याभरात वर सरकून हरवतात. ते एका ठिकाणी कायमचे ठेवायचे असतील तर आधी संस्था हवी. एकट्याने संग्रह सुरू करायला बंदी नाही, पण जुने वार्षिकांक एका माणसाच्या हवाली करायला कोणतेही महाविद्यालय सहजी तयार होत नाही.

माजी विद्यार्थी संघ आधीच नोंदलेला आहे का, ते कार्यालयात विचारा. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात नोंदणीकृत संघाची विचारणा होते, त्यामुळे अनेक ठिकाणी तो निदान कागदावर तरी असतो. नसेल तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान 7 सभासदांनी धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा. सोबत घटना व नियमावली, कार्यकारिणीची यादी, प्रत्येकाचे संमतीपत्र आणि ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र, कार्यालयाच्या जागेचे लाइट बिल आणि जागामालकाचे ना-हरकत पत्र लागते. पुढचा अर्ज 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, संस्था नोंदल्यापासून 3 महिन्यांच्या आत. उद्देशांत नुसते ‘स्नेहमेळावे घेणे’ लिहू नका. ‘छायाचित्रे व दस्तऐवज जमवणे, डिजिटल स्वरूपात जतन करून लोकांना खुले करणे’ असे स्पष्ट लिहा. सचिव बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, संघाच्या नावाने घ्या. डॉट एसी डॉट इन शिक्षणसंस्थांनाच मिळते, त्यामुळे संघाने साधे डॉट इन घ्यावे. ते सचिवाच्या खासगी मोबाइलला जोडले, की सचिव बदलल्यावर ओटीपीसाठी त्याच्या मागे फिरावे लागते.

खरी अडचण हक्कांची, म्हणजे कॉपीराइटची. फोटो ज्याच्या कपाटात, हक्क त्याचाच असे नसते. महाविद्यालयाने पैसे देऊन काढून घेतलेल्या ग्रुप फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, महाविद्यालयाचा. मित्राने स्वतःच्या कॅमेऱ्यातून काढलेला मित्राचा. स्टुडिओने आपणहून काढून नंतर प्रती विकल्या असतील तर स्टुडिओचा. पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा. 2012 च्या दुरुस्तीपासून फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो आणि ही मोजणी निधनाच्या पुढच्या वर्षापासून होते. म्हणजे 1964 च्या वार्षिकांकातला फोटो छापून 60 वर्षे झाली एवढ्यावरून मोकळा धरू नका. त्याच अंकातल्या कवितेलाही कवीच्या निधनानंतरची 60 वर्षे लागतात.

म्हणून हक्क ज्याचा त्याच्याकडून संमतीपत्र लेखीच घ्या, आणि त्यात मुदत व प्रदेश घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय वर्षभरात वापर झाला नाही तर दिलेला हक्क संपतो. या तिन्ही गोष्टींना एक वाक्य पुरते: ‘हे छायाचित्र हक्काची पूर्ण मुदत संपेपर्यंत, जगभरात, इंटरनेटवर विनामोबदला दाखवण्यास मी संघाला परवानगी देत आहे, वर्षभरात वापर झाला नाही तरी ही परवानगी कायम राहील.’ खाली सही, तारीख आणि फोटोचा क्रमांक. क्रमांक नसेल तर चारशे फोटोंतला कोणता, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘वापरा हो बिनधास्त’वर विसंबू नका.

गुणपत्रिका, जातीचे दाखले, वसतिगृहाच्या थकबाकीच्या वह्या स्वीकारू नका.

नोंदीत विद्यापीठाचे नाव त्या काळचे लिहा. 1958 ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन होण्याआधीचे कागद हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या नावाचे आणि बरेचदा उर्दूत सापडतील. 14 जानेवारी 1994 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आले. त्यामुळे लातूर-परभणीकडच्या एकाच महाविद्यालयाच्या नोंदींत दोन-तीन विद्यापीठे येतात. अंबाजोगाईच्या जुन्या कागदांवर मोमिनाबाद असेल. मूळ शब्द तसाच ठेवा आणि आजचे नाव शोधशब्दांत घाला.

छापील पाने 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके), फोटो 600 ने स्कॅन करा. 4 बाय 6 इंची रंगीत फोटोची टिफ (तपशील न गमावणारी मोठी) फाइल साधारण 26 एमबी होते, हजार फोटोंना 26 जीबी. टिफ दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, दाखवायला जेपेग पुरे. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा; नावे आणि तारीख बऱ्याचदा तिथेच असतात, आणि परवानगी कोणाकडे मागायची ते सांगणारा स्टुडिओचा शिक्काही.