गिरणीची चिमणी आणि ‘खुली’ जमीन

लोअर परळच्या एका मॉलच्या आवारात विटांची जुनी चिमणी उभी आहे. बुडाशी रुंद, वर निमुळती, धूर कधीच बंद झालेला. बंद गिरणीचा अवशेष शोभेची वस्तू झाला की गोष्ट 1982 च्या संपापासून सुरू होते. गिरणी कामगारांचा तो संप सगळ्यांना पाठ आहे. खरं तर चिमणीचा रुबाब त्याच्या कितीतरी आधी उतरायला लागला होता. 1915 साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज आली आणि वाफेच्या इंजिनांची सद्दी हळूहळू संपली. पुढे बॉयलर पेटता राहिला तो मुख्यतः सुताला कांजी चढवण्याच्या आणि रंगाईच्या वाफेसाठी.

गिरण्यांच्या जागी काय राहणार, हे मात्र एका शब्दानं ठरवलं.

मुंबईतलं बांधकाम ठरवणाऱ्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे व्हायचे होते: मैदानं-बागांसाठी पालिकेला, परवडणाऱ्या घरांसाठी सरकारी यंत्रणेला आणि उरलेला मालकाला. 2001 च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त ‘खुल्या’ जमिनीपुरती ठेवली. आता विणाईच्या शेडी बैठ्या, एकरभर पसरलेल्या. समजा गिरणी 15 एकरांची आणि त्यातल्या 12 एकरांवर बांधकाम. जुन्या हिशेबानं पालिकेला साधारण पाच एकर मिळाले असते, नव्या हिशेबानं एक.

शेड पाडल्यावर मोकळी होणारी जागा ‘खुली’ की नाही? 2005 मध्ये उच्च न्यायालयानं ती खुलीच धरली. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि 2001 ची दुरुस्ती कायम राहिली. गिरण्या आजारी आहेत, देणी फेडायला पैसा जमिनीतूनच यायचा, ही मालकांच्या बाजूची अडचण खोटी नव्हती. पण छप्पर उतरवल्यावर आभाळ दिसणाऱ्या जागेला खुली म्हणायचं नाही, हे मराठी कानाला आजही खटकतं.

कलेच्या दृष्टीनं तोटा शेडींचा झाला. करवतीच्या दात्यांसारख्या त्यांच्या छपरांच्या काचा उत्तरेकडे असत. थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड पडे. तो धाग्यासाठी होता, पण अशा शेडीत कलादालन केलं असतं तर चित्रांनाही चालला असता. पण शेड एकरं अडवते, चिमणीला थोडी जागा पुरते. म्हणून चिमणी ठेवणं स्वस्त पडलं.

जुन्या कामाच्या जागेत कला मांडता येते, हे दिसलंही: 2017 मध्ये ससून डॉक या मासळी बंदराच्या गोदामात कलाप्रदर्शन भरलं, तेव्हा माशांच्या वासातून वाट काढत लोक गेले. तिथे निदान बंदर चालू होतं आणि भिंतींवरच्या चित्रांत ज्यांचे चेहरे होते ते कोळी बाहेर कामावर होते. काळाचौकीला पालिकेच्या वाट्याच्या जमिनीवर वस्त्रोद्योग संग्रहालयाचा बेत झाला, तो जुन्या गिरणीच्या इमारती धरूनच. तेवढी तरी जागा वाटणीत हाती आली होती.