पिकअप घ्यायच्या आधी अन् मागं हूक मारायच्या आधी हे एकदा वाचा

रामराम मंडळी. आमचं काम म्हणजे पिकअपच्या बॉड्या, फाळके, जाळ्या अन् मागचे हूक. गाड्या आम्ही विकत नाही अन् कुठल्या शोरूमचं कमिशनबी खात नाही, पण शेडवर येणारा दर दुसरा माणूस हेच विचारतो की मामा, पिकअप घ्यायलोय, कोणती घेऊ, रोजची घरची-शेताची कामं झाली पायजेत अन् कधीमधी मागं जनरेटर नाहीतर मिक्सर लावलं तर ओढलं पण पायजे. तेच तेच सांगून घसा बसायलाय म्हणून हा कागद छापून घेतला. घरी न्या, निवांत वाचा, शोरूमला जाताना खिशात ठेवा.

ओढंल का, हे विचारू नका

सगळ्यांचा पहिला प्रश्न इंजनचा. किती सीसी, किती एचपी, चढाला दम देईल का. आजकालची कुठलीबी दीड टनाची डिझेल पिकअप सपाट रोडला मागं टनभर ट्रॉली घेऊन चालती, त्यात काय विशेष नाही, बैलजोडीबी ओढती. भानगड होती ती मांजरसुंब्याचा नाहीतर धारूरचा घाट उतरताना. आपल्याकडच्या छोट्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणजे तिचं सगळं वजन तुमच्या गाडीच्या ब्रेकवर येतं, ते तापतात, पेडल मऊ लागायला लागतं अन् वळणावर ट्रॉली मागनं ढकलायला लागती. त्यात स्पीडचा हिशोब लोक धरतच नाहीत. ४० च्या जागी ६० नं चाललात तर स्पीड दीडपट झाला, पण ब्रेकला जिरवावा लागणारा जोर सव्वादोनपट होतो.

टोयोटाची हायलक्स बघा, २.८ लिटरचं इंजन, २०४ पीएस, दणकट गाडी. तिला परदेशात ट्रॉलीला ब्रेक असंल तर कंपनी ३५०० किलोपर्यंत ओढू देती, अन् तीच गाडी, तेच इंजन, पण ट्रॉलीला ब्रेक नसंल तर निस्तं ७५० किलो. आता आपल्या गावातल्या ट्रॉलीखाली वाकून बघा, ब्रेक कुठं दिसायलाय का.

म्हणून आमचा नियम साधा आहे. बिनब्रेकची ट्रॉली भरल्या वजनात ७५० किलोच्या वर असंल तर आम्ही हूक मारून देत नाही, गाडी कुणाचीबी असू द्या. ह्यावरनं दोन-चार गिऱ्हाईकं रागावून गेलेत, गेलेत तर गेलेत. स्लॅबचं हॉपरवालं मिक्सर टनाच्या पुढं जातं, त्याला पाटे (धक्का खाणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) नसतात, ब्रेक नसतो, ते ट्रॅक्टरच्या मागं हळूहळू जायचं यंत्र आहे, पिकअपला लावून ५० नं पळवायचं नाही.

अन् जनरेटरचं म्हणाल तर १५ केव्हीएचा कॅनोपीवाला ट्रॉलीसकट साधारण ७५० च्या पुढंच भरतो, मग तो ओढता कशाला, हौद्यातच चढवा की! दीड टन पासिंगची, म्हणजे कागदावर दीड टन वजन मंजूर असलेली गाडी घेतली तर तो तिच्या पाठीवर आरामात बसतो, घाटात नाचत नाही, वेगळा नंबर लागत नाही. हूक मारायला आलेल्या निम्म्या लोकांना आम्ही असंच परत पाठवतो, धंदा बुडतो पण झोप लागती.

आरसी अन् पेन घेऊन बसा

शोरूमवाला म्हणतो गाडी सव्वा टनाची आहे, माणूस समजतो सव्वा टन माल भरायचा. तसं नसतं. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं अन् भरल्या गाडीचं. समजा भरलं २९०० अन् रिकामं १६५०, तर मधले १२५० किलो तुमचे. पण रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. तुम्ही, पोरगं अन् एक हमाल, झाले २०० किलो, राहिले १०५०. पुढं आमच्याकडनं उंच जाळी, पाईप, जादा पत्रा असं मारून घेतलं, दीडशे किलो गेले, राहिले ९००. मागं ७०० किलोची दोन चाकी ट्रॉली लावली तर तिच्या दांड्याचं सत्तरेक किलो वजन तुमच्या हुकावर बसतं, तेपण तुमच्याच गाडीचं, राहिले ८३०. सोयाबीनचं पोतं ६० किलो धरा, तेरा पोती बसली. अन् आपण भरतो किती, पंचवीस! वर माणसं बसवतो ती वेगळी.

पाण्याचं तर अजून फसवं. लिटरला किलो, म्हणजे हजार लिटरची टाकी काठोकाठ भरली की टन झाला, अन् अर्धी भरली तर वळणावर पाणी एका अंगाला जातं अन् गाडी झोकांडी खाती. उन्हाळ्यात टँकरगिरी करायची असंल तर मधे आडवे पडदे असलेली टाकी घ्या, आणि पासिंग दीड टनाच्या खाली नको.

ओव्हरलोडचा दंड २०१९ पासनं २०,००० रुपये अन् वर जादाच्या दर टनाला २,००० आहे. पण दंडापेक्षा पाटे, बुश अन् क्लच प्लेट ह्यात जास्त पैसा जातो, तो कुणी मोजत नाही. एकदा मोंढ्यातल्या भुईकाट्यावर भरलेली गाडी चढवा, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी अशा दोन पावत्या घ्या. लई लोकांचे डोळे तिथंच उघडतात.

रोजचं म्हणजे नेमकं काय

वर्षातनं चार दिवस जे लागतं त्यावर गाडी घेऊ नका, आठवड्यातले सहा दिवस जे लागतं त्यावर घ्या. टमाट्याचे क्रेट, भाजी, खव्याचे डबे असं असंल तर वजन कमी पण जागा जास्त लागती, तिथं लांब हौदा बघा. सिमेंट, सळई, खत असंल तर पाटे अन् पासिंग बघा. जनावरं न्यायची असतील, देवणी बैल म्हणजे चार-पाचशे किलोचा जीव अन् तो एका जागी उभा राहत नाही, तर हौद्याची बाजू उंच पायजे, खाली मॅट पायजे, अन् दोन जनावरांच्या मधे आडवा बांबू.

घरचे लोक पण बसणार असतील, म्हणजे दवाखाना, लग्नकार्य, बाजार, तर सिंगल केबिनच्या नादी लागू नका. हौद्यात माणसं बसवणं कायद्यात बसत नाही अन् मालगाडीच्या इन्शुरन्समध्ये मालाचा मालक नाहीतर त्याचा माणूस एवढाच धरतात, वऱ्हाड धरत नाहीत. येळवशीला (वेळ अमावस्येला) अख्खी भावकी हौद्यात, मधे आंबिलाचा बिंदगा, हे आम्हीपण केलंय लहानपणी, मजा येती, पण तेव्हा रोडला एवढ्या गाड्या नव्हत्या.

आता गाड्यांचं

छोटा हत्ती म्हणजे टाटा एस २००५ ला आली अन् गल्लीबोळातल्या धंद्याला अजून तिच्यासारखी नाही. मारुती सुपर कॅरी पण त्याच पट्टीतली, पेट्रोल-सीएनजी. ह्या दोन्हीला मागं हूक मागायला येऊ नका. रोजच्या पाच-सहाशे किलोला उत्तम, ओढायला नाही, विषय संपला.

त्याच्या वर अशोक लेलँडचा दोस्त, टाटा इंट्रा. शहरात चालवायला हलक्या, केबिन बरी, लातूर ते उदगीर रोज येजा असंल तर अंग दुखत नाही. मग येती बोलेरो पिकअप, जिला आपल्याकडं निस्तं 'पिकअप' म्हणतात अन् बाकीच्यांना नावानं, १.३ टनापासनं मॅक्समध्ये २ टनापर्यंत. टाटा योद्धा पण २०२२ पासनं २ टनात आहे. ह्या दोघींची चेसी जाड, खेड्यातला कुठलाबी मिस्त्री पान्हा लावतो, पार्ट तालुक्याला मिळतात, त्यामुळं हलकी ट्रॉली अन् शेताचं काम मिळून करायचं असंल तर आमचं मत ह्या दोघींकडं. रिकामी गाडी उड्या मारती हे खरं, पाटे मालासाठी असतात, मणक्यासाठी नाही. पाच माणसं अन् थोडा माल असं पायजे असंल तर बोलेरो कॅम्पर बघा, तिच्यात फोर बाय फोर पण येती.

इसुझू व्ही-क्रॉस (१.९ लिटर, १६३ पीएस) अन् हायलक्स ह्या पांढऱ्या पाटीच्या, घरच्या वापराच्या. बसायला कारसारख्या, चिखलात राजा. पण हौदा छोटा, आणि आरसीवर मालाला किती किलो उरतात ते बघितल्याशिवाय बुकिंग करू नका, एवढे पैसे घालून बोलेरोपेक्षा कमी माल बसतो हे घरी आणल्यावर कळलेले लोक आम्ही बघितलेत.

बीएस ६ डिझेलचं एक सांगायचं राहिलं. बऱ्याच गाड्यांच्या सायलेन्सरात काजळी धरायची जाळी असती, ती मोकळी व्हायला गाडी थोडा वेळ एकसारखी पळावी लागती. गाव ते शेत दोन किलोमीटर एवढंच रोज चालवणार असाल तर लाईट लागत राहती, मग आठवड्यातनं एकदा मोठ्या रोडला अर्धा तास फिरवा. नाहीच जमत तर डिझेलचा हट्ट सोडा.

अन् जुनं कोटेशन घेऊन बसला असाल तर फाडा, २२ सप्टेंबर २०२५ पासनं मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ टक्के झालाय, नवीन दर मागा.

काळी माती

आपल्या पाणंदीतली काळी माती दोन पावसात साबण होती. मागच्या चाकावर चालणारी रिकामी पिकअप तिथं सगळ्यात आधी फसती, कारण मागं वजनच नाही अन् टायरच्या खाचा मातीनं भरून गुळगुळीत होतात. पावसाळ्यात मागच्या एक्सलच्या वर चार-पाच वाळूची पोती बांधून ठेवा, लई फरक पडतो (ती पोतीपण पासिंगमध्ये मोजा, परत आमच्याकडं येऊन भांडू नका). ट्रॉली मागं असंल तर पाणंदीत घालूच नका, सरळ निघंल पण रिव्हर्स होत नाही.

उन्हाळ्यात उलटं. एप्रिल-मे ची ४२-४३ डिग्री, डांबर त्याहून तापलेलं, भरलेली गाडी अन् हवा कमी, टायर तिथंच फुटतो. हवा सकाळी गार टायरमध्ये बघा, दरवाज्यावरच्या स्टिकरवर रिकाम्याची अन् भरल्याची वेगळी लिहिलेली असती. ट्रॉलीच्या टायरमध्ये तर वर्षानुवर्षं कुणी हवा बघत नाही.

हुकाची गोष्ट

ही आमचीच चूक आहे म्हणून सांगतो. लई वर्षांमागं एका पाहुण्याच्या गाडीला घाईघाईत बंपरच्या ब्रॅकेटलाच वेल्डिंग करून हूक मारून दिला. जड काय नव्हतं, फवारणीची छोटी ट्रॉली. एका खड्ड्यात ब्रॅकेट उपटलं, ट्रॉली एकटीच रोड सोडून शेजारच्या तुरीत गेली, समोरनं त्या टायमाला कुणी येत नव्हतं एवढंच. दोन रात्री झोप आली नाही. तेव्हापासनं हूक चेसीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना नटबोल्टनं, मधे आडवी प्लेट, अन् दोन साखळ्या दांड्याखालनं कैची मारून. साखळ्या नको म्हणणाऱ्याला हूक नाही. चेसीला वेल्डिंगची ज्योत आम्ही लावत नाही, तिथं लोखंड कच्चं होतं. जुनी गाडी घेत असाल तर तुम्हीपण हेच बघा, मागच्या पाट्याच्या हँगरजवळ वेल्डिंगचे डाग दिसले तर गाडी उसाच्या नाहीतर वाळूच्या वजनाखाली वाकून आलेली आहे, किंमत कितीबी पाडली तरी घेऊ नका.

ट्रॉली भरताना जड माल एक्सलच्या जरासा पुढं. दांड्यावर एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा आला पायजे, मोंढ्यातला प्लेट काटा हुकाच्या उंचीला ठोकळ्यावर ठेवून दांडा त्यावर टेकवला की कळतं. मागं जड झाली की ट्रॉली ५० च्या पुढं नाचायला लागती. नाचली तर ब्रेक मारू नका, ॲक्सिलेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, आपोआप बसती.

कागदं

ट्रॉलीपण कायद्यानं वाहनच आहे, तिची वेगळी नोंदणी लागती, अन् ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रॉलीच्या मागं दिसला पायजे. मंजुरी असलेल्या कारखान्याची ट्रॉली घ्या म्हणजे आरटीओत अडत नाही. आम्ही नवीन ट्रॉली बनवून देत नाही ते ह्याचमुळं, रिपेरिंग करतो. हौदा एक फूट वाढवून द्या म्हणणाऱ्यांनाबी नाहीच, आरसीवरची मापं बदलतील असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही अन् क्लेमच्या टायमाला तेच पुढं येतं. पुढचा लोखंडी गार्ड पण मागू नका, २०१७ च्या डिसेंबरपासनं बंदी आहे.

एक चांगली बातमी, भरल्या वजनात ३००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही. अन् साधं एलएमव्ही लायसन असंल तर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येती, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलंय. फिटनेस मात्र विसरतात लोक, नवीन गाडीला दोन वर्षं, पुढं आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

शेडवर येताना

आरसीची झेरॉक्स, भुईकाट्याच्या दोन पावत्या, अन् ट्रॉली असंल तर ट्रॉली, ती पण रिकामी नको, रोज जेवढी भरता तेवढी भरून आणा, लाजून कमी भरू नका. हुकाला अर्धा दिवस लागतो, जाळीला दोन दिवस. गाडी अजून घ्यायची असंल तर नुसतं बोलायला या, चहा आमचा. सोमवारी दुपारपर्यंत बंद, अन् येळवशीला पूर्ण दिवस बंद, त्या दिवशी आम्हीपण शेतात असतो.