उजेडात धरा, मग घ्या
जुन्या साड्या आणि जुने कपडे घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक. खणभाग, सांगली

आमच्या दुकानात नवं काहीच मिळत नाही. पाटीवर तसं लिहिलंय, तरी रोज दोघंतिघं विचारतातच, "यातलं नवीन दाखवा की." म्हणून आधीच सांगून ठेवतो: इथला प्रत्येक कपडा कुणीतरी नेसलेला, घातलेला, नाहीतर वीस-तीस वर्षं ट्रंकेत घडी घालून ठेवलेला आहे. खणभागात बसून खणाच्या चोळ्या विकतो हा योगायोग आहे. तोही गिऱ्हाइकांनीच आमच्या लक्षात आणून दिला.

पत्रक काढायचं कारण एवढंच, की तीन-चारशे रुपयांत जशी उत्तम साडी मिळते तशी फसगतही मिळते. काय बघायचं ते कळलं की दुकान आमचं असो नाहीतर आठवडी बाजारातली ताडपत्री, तुमचे पैसे वाया जाणार नाहीत.

दुसऱ्याचं नेसायचं?

हा प्रश्न मुली सहसा विचारत नाहीत, बरोबर आलेली आई विचारते. काकू, तुमच्या अंगाला लागलेलं पहिलं कापड कोणतं ते तुमच्या आईला विचारा. बाळाची दुपटी आणि टोपडी जुन्या सुती लुगड्याची शिवायची, कारण नवं कापड बोचतं. अंगावर घ्यायची वाकळसुद्धा चार जुन्या लुगड्यांची. दारावर बोहारीण आली की साड्यांच्या ढिगावर एक स्टीलचं पातेलं मिळायचं आणि घासाघीस तासभर चालायची. त्या साड्या पुढे धुऊन, शिवून जुन्या बाजारात विकल्या जायच्या. धंदा जुनाच आहे, फक्त आता पोरी येऊन "व्हिंटेज आहे का?" असं विचारतात.

गेलेल्या माणसाचे कपडे असतात का? काही असतात. आजी गेल्यावर घरचे कपाट रिकामं करतात, तेव्हा आम्हाला फोन येतो. विचारलंत तर खरं सांगतो. ज्यांना चालत नाही त्यांनी खुशाल विचारावं, आम्हाला राग येत नाही. आतले कपडे, मोजे आणि चपला आम्ही घेतही नाही, विकतही नाही. बाकी सगळं धुऊन, उन्हात किंवा सावलीत, ज्याला जे सोसतं त्यात वाळवून, इस्त्री करूनच मांडणीवर येतं.

इरकल लुगडं कसं बघायचं

आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात ती इरकली. साहजिक आहे. कर्नाटकातलं इळकल गाव आपल्याला लांब नाही आणि या भागातल्या आज्यांनी जन्मभर तेच नेसलं. अंग सुती, पदर लाल रेशमाचा. पदर वेगळा विणून शिवलेला नसतो. अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे एकमेकांत फासे अडकवून जोडतात. या पद्धतीला विणकर 'टोपी तेणी' म्हणतात. पदर जिथे सुरू होतो तिथे बोट फिरवा, बारीक उंचवटा लागतो. जुन्या इरकलीत पहिली तपासणी इथे करायची. सांधा सुटायला लागला असेल तर पदर लवकरच वेगळा होईल.

दुसरी तपासणी उजेडाची. साडी खिडकीत नेऊन दोन्ही हातांनी ताणून धरा. ट्यूबलाइटखाली बघू नका. नऊवारी लुगडं बसण्याच्या जागी आणि कासोट्यात विरतं, पायघोळ असेल तर खालचा काठ झिजतो. डाव्या टोकाला आणि पदराला कापड घट्ट दिसेल, मधे मात्र जाळीसारखा उजेड येईल. तो आला म्हणजे लुगडं टाकाऊ झालं असं नाही. तिथे दंड घालायचा.

दंड घालणं हा शब्द आता घरात फारसा ऐकू येत नाही. विरलेला मधला भाग कापून काढायचा आणि दोन्हीकडचे धडधाकट तुकडे जोडायचे, याला दंड घालणं म्हणतात. पूर्वी तो गरिबीचा पुरावा होता, दंडाचं लुगडं नेसून लग्नाला जायची बाई लाजायची. आज तोच आमचा सगळ्यात कामाचा उद्योग आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, सहा वार म्हणजे साडेपाच मीटर. मधले पावणेतीन मीटर सोडले तरी अख्खी सहावारी निघते! शिवण शक्यतो पहिल्या वेढ्यात येईल अशी बसवतो, म्हणजे वरच्या वेढ्याखाली ती झाकली जाते. काढलेल्या भागातही कडेचं कापड बऱ्याचदा चांगलं असतं. त्यातून पिशवी निघते, उशीचा अभ्रा निघतो. ब्लाउज निघेल म्हणून बसू नका. विरलेल्या कापडाचा ब्लाउज पहिल्याच दिवशी काखेत फाटतो.

पन्हा मोजायला विसरू नका. जुनी काही लुगडी रुंदीला कमी असतात. उंच मुलीला कमी पन्ह्याची साडी घोट्याच्या वर येते. नेसल्यावर कळून उपयोग नाही. टेप काउंटरवर बांधून ठेवलेली आहे. (बांधली नव्हती तेव्हा तीन गेल्या.)

रेशीम

सुती कापड सांगून फाटतं, रेशीम न सांगता. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेली रेशमी साडी घडीच्या रेषेवर चिरत जाते. घडी उलगडा, त्या रेषेवर दोन बोटांनी अगदी हलकं ताणा. चरचर आवाज आला किंवा बारीक उभ्या चिरा दिसल्या तर ती साडी नेसायला घेऊ नका, कितीही सुंदर असली तरी. रफू करून उपयोग नसतो, कारण रफूच्या टाक्याला धरायला शेजारचं कापडच उरलेलं नसतं. अशा साड्या आम्ही वेगळ्या पेटीत ठेवतो आणि काठ-पदराच्या भावाने विकतो. काठ काढून कुर्त्याला लावा, पदराची ओढणी करा.

रेशीम आहे की पॉलिस्टर, याची खात्री हवी असेल तर मागा, आतल्या कडेची एक दशी काढून जाळून दाखवतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडली जाते. सुताला कागदाचा वास, राख मऊ. पॉलिस्टर वितळून काळी टणक गोळी होते. घरी करून बघणार असाल तर दशी चिमट्यात धरा, वितळलेली गोळी बोटाला चिकटते.

जर

जुनं ते सोनं म्हणतात, जरीच्या बाबतीत जुनं ते चांदी. खरी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचं पातळ पाणी. दोरा नखाने खरवडला की खाली पांढरट दिसतं. तांब्याच्या जरीत खाली लालसर दिसतं. प्लॅस्टिकची जर ज्योतीजवळ नेली की आक्रसते. खरी जर काळवंडते म्हणून लोक तिला खोटी समजतात आणि चकचकीत प्लॅस्टिकला खरी. काळवंडणं हा चांदीचा धर्मच आहे.

जरीच्या साड्या वजनावर घेऊन, जाळून चांदी काढणारे लोक तुमच्या दारावरही आले असतील. आम्ही साडी जाळायला देत नाही. पण साडी विकायला आणलीत आणि ती नेसण्याजोगी राहिलेली नसेल, तर आमच्यापेक्षा चांदीचा भाव जास्त मिळेल हे तुम्हाला तोंडावर सांगतो. मग निर्णय तुमचा.

पैठणीबद्दल आमचीच फजिती सांगतो. दुकान सुरू केलं त्या वर्षी एका घरातून "आजीची पैठणी" चार हजारांना घेतली. संध्याकाळची वेळ, पिवळा बल्ब, मोर सुरेख. सकाळी उलटी केली तर मागे कापलेल्या धाग्यांचं नुसतं जंगल. हातमागाच्या पैठणीचा काठ-पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, कारण नक्षीचा प्रत्येक रंग त्याच्या जागेपुरताच हाताने फिरवून विणतात. आमची होती जकार्डवरची, म्हणजे यंत्राने नक्षी पाडलेली. विकणाऱ्यांनाही ते माहीत नसावं. ती साडी अजून भिंतीवर लावलेली आहे, उलटी बाजू बाहेर. येऊन हात लावून बघा. मात्र ही कसोटी पैठणीपुरतीच. बनारसीच्या मागे धागे असतात, म्हणून ती खोटी ठरत नाही.

किती जुनं, हे कसं कळतं

"पन्नास वर्षांपूर्वीची आहे" असं कुणीही म्हणेल. चिठ्ठी, पेटी, पावती काही सोबत असेल तर ती वाचा. किंमत आण्यांत असेल तर बहुधा १९५७च्या आधीची, कारण त्या वर्षीच्या एप्रिलपासून नवे पैसे आले. दुकानाच्या पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२च्या नंतरची. हातमागाचं सरकारी चिन्ह, म्हणजे 'हॅण्डलूम मार्क', २००६ला सुरू झालं. ते लावलेली साडी कुणी पणजीची म्हणून विकत असेल तर हसून पुढे चला. 'वार' या शब्दावरून मात्र काही ठरवू नका. सांगलीत आजही कुणी साडी मीटरने मागत नाही.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि ती परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाचीसाठी पणजीचा शालू घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

शर्ट, जाकीट, सफारी

इथे फार सांगण्यासारखं नाही. काख, कॉलर आणि चेन बघा. कॉलर उलटवून घेता येते, चेन बदलता येते, काखेतला घामाचा पिवळा डाग जात नाही. टेरिकॉटचा सफारी सूट अमर असतो, पण आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तो घालून बसस्टँडपर्यंत चालून दाखवणाऱ्याला आम्ही चहा पाजू. तो जातो मुख्यतः नाटकवाल्यांकडे. भावे नाट्यमंदिरात स्पर्धा लागल्या की सफारीचा अख्खा हँगर रिकामा होतो.

'एक्स्पोर्ट सरप्लस' म्हणून रस्त्यावर मिळतं ते जुनं नसतं, तो न खपलेला नवा माल असतो. परदेशातून येणारे वापरलेले कपडे वेगळे. त्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. कांडल्याला त्यांची निवड होते, पानिपतला चिंध्यांपासून सूत आणि ब्लँकेटं होतात. आम्ही तो माल ठेवत नाही. आमचं सगळं इथल्याच घरांतलं.

पुराचा डाग

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं आणि गावभागातल्या कितीतरी घरांत कपाटं बुडाली. त्या साड्या अजून बाजारात फिरतात. ओळखायची खूण: तपकिरी, लाटेसारखी कड असलेला डाग, घडीच्या प्रत्येक पदरावर त्याच जागी. धुतल्यावर फिका होतो, जात नाही. त्या जागी कापडही कमजोर झालेलं असू शकतं. आमच्याकडे अशा कपड्याच्या चिठ्ठीवर 'पूर' असं लिहिलेलं असतं आणि किंमत निम्म्याहून कमी असते. आमचं दुकानही तेव्हा तळमजल्यावर होतं. आता वरच्या मजल्यावर आहे.

हजार रुपयांत

किंमत म्हणजे चिठ्ठीवरचा आकडा नव्हे. वर फॉल, पिको, दंड, ब्लाउज हे सगळं येतं. साडेतीनशेचं इरकल घेतलंत, दंडाचे साठ, फॉल-पिकोचे सव्वाशे, ब्लाउज घरातलाच काळा: झालं साडेपाचशेच्या आत. हेच दीडशेची स्वस्त जॉर्जेट घेऊन तिच्यावर अस्तराचा ब्लाउज शिवलात तर शिलाईच साडीच्या तिप्पट. म्हणून आमचा सल्ला असा, की कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेसाठी येताना घरात असलेले ब्लाउज घेऊन या आणि त्यांना साजेल अशी साडी शोधा. उलटं करू नका.

शिवलेला जुना ब्लाउज किंवा चोळी घ्यायची असेल तर आत शिवणीत किती माया, म्हणजे जादा कापड, सोडलीय ते बघा. जुने शिंपी दोन्ही बाजूंना इंच-इंच सोडायचे, तेवढी छाती वाढवता येते. माया नसेल तर पुढच्या हँगरकडे वळा.

घरी नेल्यावर

इरकलीचा लाल पदर पहिल्या धुण्यात रंग सोडू शकतो. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा पुसून बघा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळे म्हणतात, आमचा अनुभव तसा नाही. रेशमाला रिठ्याचं कोमट पाणी, सावलीत वाळवणं. ठेवताना खळ घातलेली साडी कधीही ठेवू नका, खळीला कसर लागते. मलमलीत किंवा जुन्या धोतरात गुंडाळा, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. सेंट अंगाला मारा, साडीवर मारू नका.

देवघेव

फाटकं निघालं आणि आम्ही चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं, तर आठ दिवसांत पैसे परत. रंग आवडला नाही म्हणून परत घेत नाही, बदलून देतो. विकायला आणायचं असेल तर धुऊन आणा, इस्त्री नको. इस्त्रीने विरलेली जागा लपते आणि आम्हाला ती पुन्हा ओली करून बघावी लागते.

सकाळी दहा ते एक आणि चार ते साडेसात, सोमवारी बंद. साडी बघायला सकाळीच या, पूर्वेची खिडकी आहे. जिना अरुंद आहे. गुडघे दुखत असतील तर खालूनच हाक मारा, साड्या खाली घेऊन येतो.