मित्ला म्हणजे छोटं मोंते अल्बान नव्हे

दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका शहरी जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, जवळच्या मित्लाचे अवशेष पाहिलेत का? उत्तर ठरलेलं असतं: "नाही हो, मोंते अल्बान झालं ना आमचं. पडके दगड ते पडके दगड, किती बघायचे?" दोन्ही पाहून आलेले आणखी पुढे जातात. एकाच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव टाकतात आणि वर 'अझ्टेक संस्कृती' असा शिक्का मारून मोकळे होतात. हे इतक्यांदा वाचलंय की आता लिहूनच टाकते.

(आधी उच्चाराचं. 'ऑक्झाका' नाही हो. वाहाका. मेक्सिकोला तिथली माणसं मेहिको म्हणतात, तोच हा 'ह'.)

मोंते अल्बान तुम्हाला माहीत आहे असं धरते. शहरापासून नऊ-दहा किलोमीटर, खोऱ्याच्या तळापासून साधारण 400 मीटर उंच, डोंगराचा माथा सपाट करून वसवलेली, या खोऱ्यातल्या मूळच्या सापोतेक लोकांची राजधानी. सुरुवात इसवी सनापूर्वी 500 च्या आसपासची. सुमारे 300 मीटर लांबीचा चौक, सगळ्या इमारतींशी फटकून तिरकी बसलेली बाणाच्या टोकासारखी एक इमारत, चेंडूच्या खेळाचं मैदान, आणि ते 'नाचणारे' कोरीव दगड. ते नाचत नाहीत, एवढं मात्र लक्षात ठेवा. डोळे मिटलेले, अंग पिळवटलेलं, कपडे उतरवलेले. ते मारलेले कैदी असावेत असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. जुनं नाव चिकटलं ते चिकटलं.

मित्ला शहरापासून 45-एक किलोमीटरवर, उलट्या दिशेला, सपाटीवर. चढण नाही, देखावा नाही, पसाराही लहान. मोंते अल्बान लांबून बघायचं, मित्ला भिंतीला नाक लावून. हा फरक पाच मिनिटांत कुणालाही कळतो, त्यावर अधिक शाई खर्च करत नाही.

लोक घसरतात ते दुसरीकडे, आणि त्याला नाव कारणीभूत आहे. 'मित्ला' हे नाव अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'मिक्त्लान'वरून आलं, म्हणजे मृतांचा प्रदेश. सापोतेक नाव 'ल्योबा', विसाव्याची जागा. त्यावरून सरसकट वाटण्या होतात: मोंते अल्बान हे जित्यांचं शहर, मित्ला ही स्मशानभूमी. गाइडही हेच सांगतात, कारण वाक्य टाळीचं आहे.

पण थडग्यांनी फरक ठरत नाही. वाहाकाच्या खोऱ्यात मोठ्या घराण्यांतले लोक आपली माणसं राहत्या वाड्याच्या जमिनीखालीच ठेवत. मोंते अल्बानवर दीडशेहून जास्त थडगी सापडली आहेत. मित्लाच्या अंगणाखालीही आहेत, क्रुसासारख्या आकाराची. पण वर जे उभं आहे ते वाडे आहेत. सहा अखंड दगडी खांबांचं दालन, मागे अंधारा, वाकून जायचा बोळ, आणि तो ओलांडला की चारी बाजूंनी नक्षीने मढवलेलं छोटं अंगण. इथे पुरोहित आणि सरदार राहत. मेलेले खाली, जिते वर, दोन्हीकडे तीच रीत.

खरा फरक काळाचा आहे. मोंते अल्बान इसवी सन 500 ते 750 च्या दरम्यान ऐन भरात होतं, आणि पुढच्या शे-दीडशे वर्षांत ओस पडत गेलं. स्पॅनिश लोक 1521 मध्ये या खोऱ्यात आले, तेव्हा त्या माथ्यावर राजधानी नव्हतीच. कित्येक शतकांपासून नव्हती. मित्ला मात्र तेव्हा चालू होतं. आज तिथे दिसणारे वाडे बहुतेक मोंते अल्बान रिकामं झाल्यानंतरचे. गड ओस पडला, पायथ्याची गावं नांदत राहिली, असा तो प्रकार. त्यामुळे 'सापोतेक संस्कृती नष्ट झाली' हे वाक्य कुणी म्हटलं की मला राहवत नाही. राजधानी उठली, माणसं कुठे जाणार? रविवारी मित्लाच्या वाटेवरच्या त्लाकोलुला गावच्या बाजारात उभे राहा, कोंबड्या विकणाऱ्या बायका कोणत्या भाषेत भाव करतात ते ऐका.

आता यातली गंमत बघा. ओस पडलेल्या त्या डोंगराकडे लोक परत गेले ते मेलेल्यांना घेऊन. पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी जानेवारी 1932 मध्ये मोंते अल्बानचं सातव्या क्रमांकाचं थडगं उघडलं. बांधणी जुनी सापोतेक, पण आतलं सोनं, पिरोजा, कोरलेली हाडं शेजारच्या मिस्तेक लोकांच्या शैलीची, शहर उठल्यानंतर काही शतकांनी ठेवलेली. म्हणजे 'जित्यांचं शहर' नंतर पुरण्याची जागा झालं, आणि 'मृतांचा प्रदेश' नांदत राहिला. नावांवर विसंबलात तर नेमकं उलटं समजून परत याल.

'मोंते अल्बान सापोतेकांचं, मित्ला मिस्तेकांचं' ही दुसरी सोयीची वाटणीही इथेच लटपटते. मिस्तेक छाप दोन्हीकडे आहे. मित्लात ती चर्चजवळच्या वाड्याच्या तुळयांवर, लाल रंगातल्या चित्रांच्या तुकड्यांत दिसते. पण गाव सापोतेक होतं आणि आहे. अझ्टेक? ते पंधराव्या शतकाच्या अखेरीला इथवर पोचले आणि खंडणी घेऊ लागले. लोकांच्या ओठी राहिलेलं नाव त्यांच्या भाषेतलं, एकही भिंत त्यांची नाही.

आणि ते चर्च. सान पाब्लोचं, लाल घुमटांचं, जुन्या वाड्याच्या अंगणातच बसवलेलं, दगडही तिथलेच. मोंते अल्बानवर असं काही नाही, कारण मोडून काढावं असं तिथे काही चालूच नव्हतं. देवस्थान जागतं होतं म्हणून त्याच्या उरावर चर्च आलं. मित्लात मला सगळ्यात बोलकी वाटते ती हीच जागा, आणि टूरवाले तिच्यावरून भरधाव पुढे जातात.

टूरवाल्यांचा राग जुना आहे. 'तूलेचं झाड, तेओतित्लानचे गालिचे, मित्ला, मेस्काल दारूचा कारखाना, येर्वे एल आग्वा, सगळं एका दिवसात.' पहिल्या खेपेला मीही गेले होते. मित्लात पाऊण तास, मेस्कालच्या दुकानात दीड. नक्षीच्या पट्ट्यांपुढे उभी राहिले तोच हाका सुरू. पायऱ्या आणि भोवरे यांच्या त्या आकृत्या कापलेल्या छोट्या दगडांच्या आहेत, एकाला एक भिडवून बसवलेल्या. सांध्यात चुना दिसत नाही. एक पट्टा नीट बघायलाच दहा मिनिटं जातात.

म्हणून माझा क्रम सांगते. मोंते अल्बानला सकाळी, दार उघडताच. वर सावली औषधालाही नाही. त्याच दुपारी सांतो दोमिंगोच्या जुन्या मठातल्या संग्रहालयात सातव्या थडग्याचं सोनं, डोंगर डोक्यात ताजा असताना. मित्ला दुसऱ्या दिवशी, आणि तो दिवस रविवार असावा: सकाळी त्लाकोलुलाचा बाजार, तिथे भरपेट बार्बाकोआ, म्हणजे मंद शिजवलेलं मटण, मग सामायिक टॅक्सीने पुढे. दुपार कलायला लागल्यावर पोचा. ऊन तिरपं पडलं की नक्षीच्या खाचांत सावल्या भरतात. भर बारा वाजता तीच भिंत सपाट दिसते.