डॅकच्या खिडकीत ४८ का दिसतं?

माझ्या डॅकच्या पुढच्या पट्टीवर नखाएवढी खिडकी आहे. गाणं सुरू झालं की तिच्यात एक आकडा उजळतो. त्या दिवशी मी यमनची एक जुनी सीडी संगणकावर उतरवून घेतली, फाइल लावली, आणि खिडकीत ४८ दिसलं. हा आकडा म्हणजे सेकंदाला किती हजार मोजण्या, आणि सीडीचा तो ४४.१ असायला हवा. ऐकताना काहीच बिघडलेलं वाटत नव्हतं, तानपुरा छान झणकारत होता. पण फाइल आणि डॅक यांच्यामध्ये कोणीतरी दोन्ही चॅनेलांचे सगळे आकडे नव्याने काढत होतं आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

डॅक म्हणजे आकड्यांची विजेची लहर करणारं यंत्र. ते मोबाइलमध्ये असतं, टीव्हीत असतं, आणि वेगळी पेटी म्हणून विकतही मिळतं. अपसॅम्पलिंग म्हणजे आवाजाच्या या मोजण्यांची संख्या वाढवणं. ते संगणकावर करायचं म्हणजे या डॅकच्या वाट्याचं थोडं काम संगणकाने आधीच उरकून ठेवायचं. हे काम नेमकं कोणतं ते कळलं की कोणतं बटण का दाबायचं हेही आपोआप कळतं.

सीडीवर आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते (अशी एक मोजणी म्हणजे एक नमुना). हा आकडा व्हिडिओ टेपवरून आला. डिजिटल आवाज सुरुवातीला व्हिडिओ टेपवर साठवत असत आणि चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने बसत. अमेरिकी पद्धतीत २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा, प्रत्येकीत ३ नमुने. युरोपी पद्धतीत २९४ ओळी, ५० वेळा, ३ नमुने. दोन्ही गुणाकार करून पाहा, उत्तर ४४,१००च येतं. चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या जगात मात्र ४८,००० रूढ झालं, आणि बहुतेक संगणक आवाजाच्या बाबतीत त्याच जगाची सवय पाळतात. माझ्या खिडकीतले ४८ तिथून आले होते.

डिजिटल आवाज म्हणजे जिन्याच्या पायऱ्या आणि जास्त नमुने म्हणजे बारीक पायऱ्या, असं चित्र जाहिरातींनी इतक्या वेळा दाखवलंय की ते डोक्यातून जाता जात नाही. ते चुकीचं आहे. रशियात कोटेल्निकोव्ह यांनी १९३३ साली आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली मांडलेलं प्रमेय सांगतं की आवाजातली सर्वांत उंच कंपनसंख्या नमुनादराच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्या ठिपक्यांमधून जाणारी लहर एकच असते. जवळपास जाणारी नाही, तीच. ४४,१००च्या निम्मे २२,०५०, आणि माणसाचा कान २०,००० हर्ट्झच्या आसपास थांबतो. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. त्याच्या पाचव्या उपस्वरातून उमटणारा स्वयंभू गंधार ३४६ हर्ट्झच्या आसपासचा. जवारीच्या दोऱ्यामुळे येणारा झणत्कार काही हजार हर्ट्झपर्यंत चढतो. हे सगळं सीडीत पूर्ण बसलेलं असतं. नमुने चौपट केल्याने त्यात नवा बारकावा येत नाही, आणि येईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मग अपसॅम्पलिंग कशासाठी? ठिपक्यांतून लहर पुन्हा उभी करताना आरशातल्यासारखी प्रतिबिंबंही उभी राहतात म्हणून. २०,००० हर्ट्झच्या सुराचं प्रतिबिंब ४४,१०० वजा २०,००० म्हणजे २४,१०० हर्ट्झवर येतं. ते काढायला गाळणी लागते. ती २०,०००पर्यंत सगळं जाऊ देणारी आणि २४,१००ला पूर्ण अडवणारी हवी. एवढ्या चिंचोळ्या जागेत कॉइल आणि कपॅसिटरची गाळणी बसवायची तर ती किचकट होते आणि वरच्या सुरांची वेळ मागेपुढे करते. १९८२मध्ये सोनीने आपल्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये, सीडीपी-१०१मध्ये, तशी तीव्र गाळणी वापरली. फिलिप्सकडे तेव्हा १४ बिटांचा डॅक होता, सीडी मात्र १६ बिटांची (बिट जितके जास्त, तितकी प्रत्येक नमुन्याची मोजणी बारीक). त्यांनी आधी नमुने चौपट केले, १,७६,४०० केले, आकड्यांतच गाळणी लावली आणि उरलेली चूक कानापलीकडे ढकलून १४ बिटांकडून जवळपास १६ बिटांचं काम करून घेतलं. चौपट केल्यावर तेच प्रतिबिंब १,५६,४०० हर्ट्झवर जातं आणि त्याला अडवायला अगदी साधी गाळणी पुरते. म्हणजे अपसॅम्पलिंग सीडीच्या जन्मापासूनच आहे. आज घरी आपण फक्त ते कुठे होतं ते बदलतो.

आकड्यांतली गाळणी कशी चालते ते बघण्यासारखं आहे. चौपट करायचं तर दर दोन नमुन्यांच्या मध्ये तीन शून्यं घालायची. मग प्रत्येक जागी आजूबाजूच्या नमुन्यांना ठरलेल्या वजनांनी गुणून बेरीज करायची. या वजनांना टॅप म्हणतात. टॅप जितके जास्त, तितकी गाळणीची कड धारदार. डॅकमधल्या चिपला जागा आणि वीज दोन्ही कमी, त्यामुळे तिथे टॅपची संख्या साधारण शेकड्यांत राहते. संगणकाला ती अडचण नाही. सोळापट, म्हणजे ७,०५,६०० नमुन्यांना दहा लाख टॅपची गाळणी लावायची ठरवली, तर शून्यांशी होणारे गुणाकार वगळूनही दोन चॅनेलांना सेकंदाला सुमारे ८८ अब्ज गुणाकार लागतात. सरळ रांगेत ते करत बसलं तर चांगला प्रोसेसरही घामाघूम होईल. १९६५ साली कूली आणि टुकी यांनी प्रसिद्ध केलेल्या फास्ट फुरिये ट्रान्सफॉर्मच्या युक्तीने ते काम शेकडो पटींनी घटतं आणि साधा लॅपटॉपही ते ऐकता ऐकता करतो. त्या गाळणीची लांबी जवळजवळ दीड सेकंदाची असते, म्हणून प्ले दाबल्यावर गाणं क्षणभर उशिराने सुरू होतं. तो बिघाड समजू नका.

यातून मिळतं काय, ते तुमच्याकडे कोणता डॅक आहे त्यावर ठरतं. हल्ली काही डॅक मुद्दाम आतल्या गाळणीशिवाय बनवतात, किंवा ती बंद करायची सोय देतात. असा डॅक पुढचा नमुना येईपर्यंत आधीचीच उंची धरून ठेवतो. त्या धरून ठेवण्याने वरचे सूर मंदावतात. ४४.१ला १०,००० हर्ट्झवर पाऊण डेसिबल, आणि २०,००० हर्ट्झवर ३.२ डेसिबल. संगणकाने आधी चौपट करून दिलं की २०,०००वरची घट ०.२ डेसिबलच्याही आत येते, शिवाय प्रतिबिंबंही दूर जातात. हा फरक मोजून दाखवता येतो. बाकी बहुतेक डॅक डेल्टा-सिग्मा जातीचे. ते आत स्वतःच नमुने वाढवतात. त्यांना वरच्या दराने आकडे दिले तर आतल्या गाळणीच्या काही पायऱ्यांचं काम उरत नाही आणि ते तुमच्या निवडीच्या गाळणीने झालेलं असतं. चिप आधीच चांगली असेल तर इथला फरक फार बारीक, अनेकदा कानाच्या पलीकडचा.

तीव्र गाळणीची एक खोड आहे. तबल्यावरच्या टणत्कारी 'ना'सारख्या एकदम उमटणाऱ्या ठोक्याच्या आधी आणि नंतर ती बारीक थरथर सोडते. सममित गाळणीत ती दोन्ही बाजूंना समान असते. मिनिमम फेज गाळणीत ती सगळी ठोक्यानंतर जाते, पण वरच्या सुरांची वेळ थोडी सरकते. ही थरथर २२,००० हर्ट्झच्या आसपासची, म्हणजे कानाच्या पलीकडची असते, म्हणून मी सममित गाळणीच ठेवतो.

आता मांडणी. पहिलं काम मधले हात काढण्याचं. विंडोज नेहमीच्या पद्धतीत सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून सेटिंगमध्ये ठरवलेल्या एकाच दराने डॅकला देतं. फूबार२००० किंवा जेरिव्हर या प्लेअरमध्ये वसापीची एक्सक्लुझिव्ह पद्धत किंवा एएसआयओ (दोन्ही डॅकशी थेट बोलण्याच्या वाटा) निवडलं की फाइल थेट डॅकपर्यंत जाते. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप उघडून दर बघा. गाणं बदलल्यावर तो बदलायचं काम प्लेअरकडे सोपवावं लागतं. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी आवाज एकत्र करणारं पाइपवायर असतं आणि ते मुळात ४८,०००वर लावलेलं असतं. त्याच्या सेटिंगमध्ये इतर दरांना परवानगी द्यावी, किंवा प्लेअरला थेट अल्साचं (लिनक्सच्या आवाजाच्या मूळ यंत्रणेचं) हार्डवेअर उपकरण दाखवावं. डॅकला खिडकी नसेल तर लिनक्स स्वतःच उत्तर देतं. प्रॉक फोल्डरात असाउंड, त्यात कार्डाच्या नावाखाली एचडब्ल्यू-पॅराम्स (hw_params) नावाची फाइल असते. गाणं चालू असताना ती उघडा, रेटपुढे खरा आकडा दिसेल. गाणं थांबलेलं असेल तर फक्त 'क्लोज्ड' दिसतं.

दुसरं, अपसॅम्पलिंग एकाच ठिकाणी करा. प्लेअरमध्ये चालू केलंत तर सिस्टिमने पुन्हा करू नये. सॉक्स हे फुकट मिळणारं साधन या कामात उत्तम आहे, फूबारमध्येही ते जोडता येतं. एचक्यूप्लेअर पैशांचं, पण गाळण्यांची निवड भरपूर आणि प्रोसेसरची भूक मोठी. सीडीला ८८.२, १७६.४ किंवा ३५२.८वर न्या, व्हिडिओतल्या आवाजाला ९६ किंवा १९२वर. ४४.१वरून १९२वर नेताच येत नाही असं नाही, चांगलं सॉफ्टवेअर तेही बिनचूक करतं. पण चांगल्या डॅकमध्ये दोन्ही घराण्यांसाठी, म्हणजे ४४.१च्या आणि ४८च्या पटींसाठी, घड्याळाचे वेगळे स्फटिक असतात, बहुधा २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे, आणि पहिला ४४,१००च्या बरोबर ५१२ पट आहे. आपल्या घराण्यात राहून काम होत असताना बाहेर जायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट फार जण विसरतात, आणि बिघाड तिथेच होतो. ११,०२५ हर्ट्झचा सूर घ्या. एका आवर्तनात चारच नमुने बसतात. ते शिखराच्या दोन्ही बाजूंना पडले तर प्रत्येक नमुना शिखराच्या ०.७०७ पटच असतो. मास्टरिंग (ध्वनिमुद्रणाला शेवटचा हात फिरवण्याचं काम) करणाऱ्याने नमुने कमाल पातळीपर्यंत चढवले असतील तर मधलं खरं शिखर कमाल पातळीच्या १.४१ पट, म्हणजे ३ डेसिबल वर जातं. अपसॅम्पलिंग नेमकं हेच शिखर शोधून काढतं, आणि त्याला बसायला जागा नसली की ते कापलं जातं. आजकालच्या चढ्या आवाजात मास्टर केलेल्या चित्रपटगीतांत हे सर्रास होतं. म्हणून प्लेअरमधला आवाज आधी ३ ते ४ डेसिबल खाली घ्या आणि बाहेर २४ बिट द्या, डिदरसकट (डिदर म्हणजे आकडे बिटांत बसवताना मिसळलेली अगदी बारीक खरखर). १६ बिटांची व्याप्ती ९६ डेसिबल, २४ची हिशेबाने १४४. तीन-चार डेसिबल खाली आल्याने काही हरवत नाही.

संगणक फार महागडा लागत नाही. असिंक्रोनस यूएसबीमध्ये किती आकडे पाठवायचे हे डॅकचं घड्याळ ठरवतं. संगणकाने बफर, म्हणजे आकड्यांचा तात्पुरता साठा, रिकामा होऊ द्यायचा नाही, एवढीच जबाबदारी. मधेच टकटक आवाज आला तर बफर वाढवा आणि वीज वाचवणारी सेटिंग बंद करा. पंख्याचा आवाज मात्र खरा त्रास. गाळणीवर तास घालवायचे आणि खोलीत पंखा घोंघावत ठेवायचा, यात अर्थ नाही. जड गणित करणारा संगणक दुसऱ्या खोलीत ठेवून नेटवर्कवरून रास्पबेरी पायसारख्या छोट्या यंत्राकडे पाठवलेलं बरं.

लॅपटॉप चार्जरला जोडल्यावर स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुरगुर येत असेल तर चार्जर काढून बघा. गुरगुर गेली तर अर्थिंगचा वळसा (ग्राउंड लूप) झालेला आहे. लॅपटॉप, डॅक आणि अॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा, तरीही राहिली तर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे दोन्हींमधला विजेचा थेट संबंध तोडणारी डबी, लावा. प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला काही जण देतात. तो कधीही ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

शेवटी कानाची परीक्षा. २००७ साली मेयर आणि मोरन यांनी सुपर ऑडिओ सीडी या सीडीहून वरच्या दर्जाच्या तबकडीच्या वाटेत सीडीच्या दर्जाचं रूपांतर गुपचूप घालून ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. ५५४पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. फरक छोटा, पण निव्वळ योगायोगाने येईल त्यापेक्षा जास्त. घरी बघायचं तर दोन्हींचा आवाज आधी अगदी समान करा. नुकताच आपण तो ३ ते ४ डेसिबल खाली घेतलाय, आणि जरा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त स्वच्छ वाटतो. फूबारमध्ये एबीएक्सची सोय आहे, ती न सांगता अदलाबदल करते. वीस वेळा ओळखा. १५ किंवा अधिक बरोबर आले तर ते नशिबाने घडण्याची शक्यता सुमारे २ टक्के. माझा उतारा ठरलेला आहे: गायकाने 'सा' लावायच्या आधीचं अर्धं मिनिट, नुसता तानपुरा. गाणं सुरू झालेलं नसल्याने लक्ष खर्जाच्या तारेवर राहतं, आणि जवारीचा झणत्कार विरताना दोन फाइलींत काही वेगळं असेल तर ते तिथेच सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त.