मॉर्फिन चालू केलं म्हणजे संपलं?

“मॉर्फिन चालू केलंय म्हणं. आता काय खरं न्हाई.” कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक वॉर्डाबाहेरच्या बाकावर असं बोलताना कोल्हापुरात आजही ऐकू येतात. मग घरातलंच कुणीतरी ‘एवढ्यात नको’ म्हणतं आणि गोळ्या कपाटात पडून राहतात. मॉर्फिन हे अफूपासून मिळणारं, तीव्र वेदना शमवणारं औषध. आपल्याकडे ते फार उशिरा दिलं जातं, म्हणून ते मरणाच्या शेजारी दिसतं. ते मरण ओढून आणतं, असा त्याचा अर्थ होत नाही.

कॅन्सर हाडात पसरला की तिथल्या मज्जातंतूंची टोकं सतत चेतवली जातात. त्यांचे संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागात येतात, तिथल्या पेशींच्या हवाली होतात आणि पुढे मेंदूकडे जातात. मॉर्फिनची खरी करामत दोन पेशींमधल्या या जोडावर आहे. इथल्या पेशींवर ‘म्यू’ नावाचे रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रसायनांनाच बसू देणाऱ्या जागा, असतात. ते निसर्गाने ठेवलेत आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या एंडॉर्फिन, एन्केफॅलिनसारख्या वेदनाशामक रसायनांसाठी. मॉर्फिन त्यांच्या जागेवर जाऊन बसतं. ते बसलं की निरोप आणणाऱ्या पेशीच्या टोकाशी कॅल्शियमच्या वाटा बंद होतात. कॅल्शियम आत आलं नाही, तर ग्लुटामेट आणि सबस्टन्स-पी ही निरोप्या रसायनं पुरेशी बाहेर पडत नाहीत. पलीकडच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जाऊ लागतं, तिचा आतला ऋणभार वाढतो आणि ती सहजी उत्तेजित होत नाही. शिवाय मध्यमेंदूतून खाली येणारी, वेदना दाबणारी शरीराची स्वतःची यंत्रणाही कामाला लागते.

संदेशांचा मारा फार दिवस चालू राहिला तर त्याच जोडावरचे, वेदनेचा संदेश वाढवणारे ‘एनएमडीए’ नावाचे दुसरे रिसेप्टर जास्त सक्रिय होतात. मग चादरीच्या स्पर्शानेही कळ उठू शकते, आणि अशी चढलेली वेदना उतरवायला जास्त औषध लागतं. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. ‘दुखलं तर द्या’ म्हणणं म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोका पातळीला लागल्यावर नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची जनावरं हलवायला निघणं. जाणता माणूस 39 फुटांच्या इशारा पातळीलाच दावी सोडतो. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या पेशंटची काळजी घेणारं रुग्णालय, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांचा आग्रह नेमका हाच होता.

आता श्वासाची भीती. मेंदूच्या खोडात श्वासाची लय ठरवणाऱ्या पेशींवरही म्यू रिसेप्टर असतात, त्यामुळे एकदम मोठा डोस धोक्याचा, हे खरंच आहे. पण थोडक्यापासून सुरुवात करून पायरीपायरीने वाढवत नेलं, तर त्या परिणामाची शरीराला बरीच सवय होते. आतड्यांना मात्र ती होत नाही, बद्धकोष्ठ होतंच, म्हणून पहिल्या दिवसापासून जोडीला पोट साफ होण्याचं औषध हवं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर मॉर्फिनचे अवशेष साचतात, तिथे जास्त जपावं लागतं.

ही वेदना ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणून सोसायला सांगणारे आणि मोबाइलवर ‘कॅन्सर मुळासकट’ घालवणारा काढा धाडणारे, दोघेही पेशंटचे सारखेच वैरी. कायद्यानेही कमी छळलं नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचं एवढं जंजाळ झालं की बऱ्याच दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीने वाट सोपी केली. पण त्या मधल्या काळात शिकलेल्या कितीतरी डॉक्टरांच्या हातून हे औषध कधी लिहिलंच गेलं नाही. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून कालिकतमध्ये वेदनाशमनाचं जे काम उभं केलं, ते म्हणूनच वेगळं उठून दिसतं.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून ‘एटकॉम’ आहे: वृत्ती, नीती आणि संवाद. पुष्कळ विद्यार्थी त्याला टाइमपास समजतात. मला तो फार्माकॉलॉजीइतकाच कडक विषय वाटतो. समजा, गगनबावड्याकडचे एक आजोबा खाटेवर आहेत. विद्यार्थी पायथ्याशी उभा राहून विचारतो, “दुखतंय का?” आजोबा म्हणतात, “न्हाई, बाळा.” पोरगा शेजारीच उभा आहे, आणि औषधांची चिठ्ठी त्याच्या खिशात. तोच विद्यार्थी पोराला चहाला पाठवून, स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, “आजोबा, रात्री कितींदा जाग आली? कूस बदलताना कुठं धरतं?” तर उत्तर येतं: “डाव्या खुब्यात ठणका हाय. आन् पायाची तर आग आग हुत्या.”

खुब्याच्या ठणक्याला मॉर्फिन. पायाची आग बहुधा मज्जातंतू दबल्याची. तिथे मॉर्फिन एकटं पुरत नाही, गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखं औषध जोडावं लागतं. स्टुलावर न बसणाऱ्याच्या केसपेपरवर यातलं एकही औषध येत नाही.